वाट, वणवा आणि शेतघर : एका जमिनीचे तीन प्रश्न

आपला प्रश्न मी असा समजतो. भोर तालुक्याच्या पश्चिम भागात डोंगराच्या पायथ्याशी आपली वडिलोपार्जित ३६ गुंठे जमीन आहे आणि आपण नोकरीनिमित्त पुण्यात राहता. जमिनीकडे जाणारी वाट शेजाऱ्याच्या भातखाचरांच्या कडेने जाते आणि आजोबांच्या काळापासून तिचा वापर आहे. यंदा मृगाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शेजाऱ्याने वाटेच्या तोंडाशी चर खणला. भाताची कापणी आणि झोडणी उरकून नोव्हेंबर संपत आला तरी तो बुजवलेला नाही. तोच शेजारी उन्हाळ्यात राब, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची जागा, भाजतो. गेल्या एप्रिलमध्ये ती आग आपल्या आंब्याच्या कलमांपर्यंत आली, आणि जमिनीला लागून राखीव वन असल्यामुळे वनरक्षकाने उलट आपल्यालाच बांधावरच्या वाळलेल्या गवताबद्दल विचारले. शिवाय आपल्याला तेथे अवजारांसाठी एक खोली आणि लहानसे घर बांधायचे आहे. या सर्वांबाबत ग्रामपंचायतीचे नियम काय आहेत, असे आपण विचारले आहे.

महसूल खात्यात नायब तहसीलदार म्हणून निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतर शेतकऱ्यांचे अर्ज तयार करून देताना मी हा प्रश्न अनेक रूपांत पाहिला आहे. यातील बहुतेक गोष्टी ग्रामपंचायतीच्या हातात नसतात. शेतवाटेचा वाद तहसीलदारांकडे जातो, वनालगतच्या आगीचा विषय वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे आणि पोलीस ठाण्याकडे जातो, आणि शेतजमिनीवरील बांधकामाचा विषय महसूल व नगररचना यांच्याकडे जातो. कार्यालये वेगळी आहेत हे लोकांना लवकर कळते. प्रत्येक विषयाचा हंगाम वेगळा आहे आणि त्या हंगामाला कायद्यातही स्थान आहे, हे मात्र उशिरा कळते. आपल्या बाबतीत पहिल्या विषयाची मुदत संपत आली आहे, म्हणून वाटेबद्दल सविस्तर लिहितो आणि बाकीचे त्यामानाने थोडक्यात.

वाटेच्या बाबतीत सर्वांत आधी एक गोष्ट तपासावी लागते : ही वाट गाव नकाशावर आहे का? भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्या. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. आपली वाट तशी दाखवलेली असेल तर ती शेजाऱ्याची नाही आणि आपलीही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे ती शासनाची आहे, आणि मग वहिवाट सिद्ध करत बसण्यापेक्षा मोजणी करून अतिक्रमण दूर करण्याची मागणी करणे सोपे जाते. परंतु आपल्या वर्णनावरून ती बांधाकडेची वहिवाटीची वाट वाटते आणि अशा वाटा सहसा नकाशावर नसतात. पुढचे विवेचन ती नकाशावर नाही असे धरून केले आहे.

अशा वेळी तहसीलदारांकडे जाण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. वाट पूर्वीपासून वापरात होती आणि कोणी ती अडवली, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ लागू होते. वाट मुळात नव्हतीच, किंवा होती ती अपुरी आहे आणि दुसऱ्याच्या हद्दीवरून नव्याने वाट हवी आहे, तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ लागू होते. पहिल्या मार्गात ‘ही वाट होती आणि अमुक दिवशी अडवली’ एवढेच सिद्ध करायचे असते. दुसऱ्या मार्गात तहसीलदार शेतकऱ्याची वाजवी गरज पाहतात : दुसरी वाट उपलब्ध आहे का, मागितलेली वाट जवळची आहे का, आणि ती बांधावरूनच जाते का. कलम १४३ हे हद्दीवरील वाटेसाठी आहे, कोणाच्या खाचराच्या मधून वाट काढून घेण्यासाठी नाही.

आपल्यासाठी पहिला मार्ग योग्य आहे, पण त्याला सहा महिन्यांची मुदत आहे आणि ती अडथळा प्रथम सुरू झाला त्या दिवसापासून मोजली जाते. चर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खणला गेला असेल तर ही मुदत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपते. म्हणून हे उत्तर वाचून झाल्यावर पुढची हालचाल याच आठवड्यात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. मध्यस्थांची बैठक, तंटामुक्ती समिती, भावकीतल्या वडीलधाऱ्यांचा शब्द, हे सर्व जरूर करा. पण दावा दाखल करून मग करा. ‘दिवाळीनंतर बघू’ या शब्दावर थांबलेली आणि जानेवारीत मुदतबाह्य ठरलेली प्रकरणे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांपैकी काहींमध्ये तो शब्द देणाऱ्याला सहा महिन्यांची मुदत व्यवस्थित ठाऊक होती.

आता खरा नाजूक भाग. भाताच्या पट्ट्यातील वाट बारमाही असतेच असे नाही. खाचरात पाणी उभे असते, बांध जेमतेम माणूस चालेल एवढा असतो, आणि लावणीपासून कापणीपर्यंत तेथून बैलगाडी नेण्याचा प्रश्नच येत नाही. गाडी जाते ती सुगीनंतर, खाचरे सुकल्यावर, आणि पुढच्या पेरणीपर्यंत. गावकऱ्यांना यात वावगे काही वाटत नाही. पण शहरातून येणारा वारस अर्जात लिहितो की ‘आमचा बारा महिने वाहनाने ये-जा करण्याचा दहा फुटी रस्ता होता’, आणि मग चौकशीत गावातला प्रत्येक साक्षीदार, अर्जदाराच्या बाजूचासुद्धा, प्रामाणिकपणे सांगतो की पावसाळ्यात तेथून गाडी कधी जात नव्हती. तेवढ्या एका वाक्याने सगळा दावा लंगडा होतो, कारण अर्ज एक सांगतो आणि पुरावा दुसरे.

कायद्याला हंगामी वाट अमान्य नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६ मध्ये असा हक्क ठरावीक काळापुरता किंवा ठरावीक वेळीच वापरण्याजोगा असू शकतो, हे स्पष्ट म्हटले आहे; आणि १९०६ च्या अधिनियमात शेताकडे जाणाऱ्या रस्त्यांबरोबरच वहिवाटीच्या वाटांचाही उल्लेख आहे. त्यामुळे वस्तुस्थिती जशी असेल तशीच मांडावी : पायी वाट बारमाही, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर सुगीनंतर मृगापर्यंत. बारमाही वाहनाची वाट हवीच असेल, तर त्यासाठी कलम १४३ खाली बांधावरून वेगळा अर्ज नंतर करता येतो, आणि त्याला सहा महिन्यांची मुदत नाही. दोन्ही मागण्या एकाच अर्जात घुसडू नयेत.

मुदतीच्या बाबतीतही या हंगामीपणाचा परिणाम होतो. शेजारी दरवर्षी जूनमध्ये वाटेचे तोंड काट्या लावून बंद करत असेल आणि कापणीनंतर स्वतःच उघडत असेल, तर तो अडथळा नसून वहिवाटीचाच भाग आहे. यंदा त्याने चर खणला आणि कापणीनंतरही बुजवला नाही, तर खरा अडथळा नोव्हेंबरपासून सुरू झाला, असा युक्तिवाद करता येतो. तो टिकेल की नाही हे पुराव्यावर आणि अधिकाऱ्याच्या मतावर अवलंबून आहे, म्हणून त्यावर विसंबून राहू नका. जूनपासून मोजा आणि मुदतीच्या आत दाखल करा.

अर्जासोबत आपला चालू सातबारा, ज्यांच्या गटांतून किंवा बांधांवरून वाट जाते त्या सर्वांचे सातबारे, गट नकाशा, हाताने काढलेला कच्चा नकाशा आणि चराची छायाचित्रे जोडा. सातबाऱ्यावर जेवढी नावे असतील तेवढ्या सर्वांना पक्षकार करा. एखादा खातेदार मयत असेल आणि वारसनोंद झालेली नसेल, तर वारसांची नावे ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडून, विचारून घ्या. वाटेचे दावे गुणवत्तेवर जेवढे फेटाळले जातात, त्याहून अधिक एखादा सहहिस्सेदार वगळल्यामुळे रेंगाळतात.

स्थळपाहणीला स्वतः हजर राहा आणि ती जमीन कोरडी असताना होईल असे पाहा. नांगरट झालेल्या जुन्या वाटेवरही काही खुणा राहतात, त्या मी नेहमी शोधत असे. वर्षानुवर्षे चाके फिरलेल्या पट्ट्यात माती घट्ट असते. फाळ तेथे वर उचलला जातो आणि शेजारच्या भुसभुशीत मातीपेक्षा ढेकळे मोठी निघतात. बांधाला जेथे गाडी ओलांडत असे तेथे बुजवलेल्या खिंडीचे दगड उरलेल्या बांधाच्या दगडांसारखे शेवाळलेले नसतात. वळणावर एखादा मोठा धोंडा असेल तर चाकाच्या तुंब्याच्या उंचीवर तो घासून गुळगुळीत झालेला दिसतो. असा धोंडा कोणत्याही साक्षीदारापेक्षा भरवशाचा. हे सर्व पंचनाम्यात शब्दांत उतरवून घ्या, नुसते ‘वाटेच्या खुणा दिसून आल्या’ एवढ्यावर सही करू नका. पंचांच्या जबाबात वाट कोणत्या महिन्यांत वापरली जात होती, हेही नोंदवले जाईल याकडे लक्ष द्या. ऑगस्टमध्ये, गुडघाभर भात उभे असताना केलेल्या पाहणीत यांतले काहीही दिसत नाही.

आदेश मिळाल्यावर त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत करून घेण्याचा अर्ज लगेच द्या. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ते किमान ३ ते ४ मीटर रुंदीचे असावेत आणि त्यांची नोंद इतर हक्कांत घ्यावी, असे धोरण ठरवले आहे. मात्र ते तीन-चार मीटर आपल्याला १९०६ च्या दाव्यात आपोआप मिळतील असे समजू नका, कारण त्या दाव्यात पूर्वी जेवढी वाट होती तेवढीच मोकळी करून मिळते. मामलतदार न्यायालयाच्या निर्णयावर अपील नाही, फेरतपासणी आहे. कलम १४३ च्या निर्णयाविरुद्ध मात्र महसुली अपील किंवा एक वर्षाच्या आत दिवाणी दावा, असे पर्याय आहेत.

आता आगीबद्दल. राब भाजणे हा शेजाऱ्याचा खोडसाळपणा नाही, हे आधी मान्य करायला हवे. शेण, पालापाचोळा, गवत आणि बारीक माती यांचे थर देऊन भाताच्या रोपवाटिकेची जागा भाजणे ही सह्याद्रीच्या दोन्ही अंगांची जुनी रीत आहे; त्यामुळे तणाचे बी मरते आणि रोप जोमदार येते. जाणता शेतकरी राब वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवतो, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश सरकते आणि माती नीट भाजली जाते. वाऱ्याच्या बाजूने पेटवला तर वरचे गवत भुर्रकन जळते, माती कच्ची राहते आणि ठिणग्या मात्र पुढे जातात. गेल्या एप्रिलमध्ये आपल्या कलमांपर्यंत आलेली आग प्रत्यक्ष राबातून आली की बांधावरचे गवत मुद्दाम पेटवल्यामुळे आली, हे वेगळे करून विचारा. माझ्या अनुभवात दुसरे कारण अधिक आढळते. ‘गवत जाळले की पावसात चारा चांगला फुटतो’ हा समज अजून पुरता गेलेला नाही.

आपल्याला कोणीतरी एकरी दंडाचे आकडे सांगितल्याचे आपण लिहिले आहे. दोन एकरांपर्यंत ५,०००, पाच एकरांपर्यंत १०,००० आणि त्यापुढे ३०,००० रुपये हे आकडे दिल्ली परिसर व लगतच्या भागातील पिकांचे अवशेष जाळण्यासंबंधीचे आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील दंड दुप्पट केला गेला तेव्हाचे. भोरमध्ये राब भाजणाऱ्याला ते लावता येत नाहीत. येथे लागू होते ते वेगळेच. आगीबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याच्या जीविताला धोका किंवा इजा होण्याचा संभव निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेचे कलम २८७ आहे. जाणूनबुजून नुकसान करण्यासाठी आग लावली असेल तर त्याहून गंभीर कलमे आहेत. आणि आग राखीव वनाला धोका होईल अशी पेटवली किंवा जळत ठेवली, तर भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम २६ येते, मग ती कोणाच्या बांधावरून गेली हा प्रश्न चौकशीत उभा राहतो. वनरक्षकाने आपल्याला विचारले ते याच कारणाने. त्याच अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे वनात हक्क बजावणाऱ्या किंवा परवानगीने वनोपज नेणाऱ्या व्यक्तीवर वणव्याची खबर देण्याचे आणि तो विझवण्यास मदत करण्याचे बंधन आहे. आपण तेथून काही नेत नसाल तर हे बंधन आपल्यावर थेट येत नाही, परंतु खबर देणे आपल्याच हिताचे आहे.

महाराष्ट्रात वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो आणि जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून साफ केलेले पट्टे, त्याआधी काढून घेतो. आपणही तेच वेळापत्रक पाळावे. बांधावरचे गवत डिसेंबर-जानेवारीत, ते पूर्ण वाळून आडवे होण्यापूर्वी कापून काढा, आणि वनाकडील व शेजाऱ्याकडील दोन्ही बाजूंना मातीपर्यंत साफ केलेला पट्टा ठेवा. कलमांच्या आळ्यांतले वाळलेले आच्छादन उन्हाळ्यात खोडापासून दूर ओढा. ओलावा टिकवण्यासाठी घातलेले तेच आच्छादन आग खोडापर्यंत नेते. शेजाऱ्याला जानेवारीत साधे पत्र द्या की राब भाजण्याच्या आदल्या दिवशी कळवावे आणि त्या वेळी आपला एक माणूस पाण्यासह हजर राहील. हे पत्र सौजन्याचे आहे आणि पुढे काही झालेच तर पुराव्याचेही आहे. आग वनाकडे सरकताना दिसली तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. झाडे जळाली तर त्याच दिवशी ग्राम महसूल अधिकारी व सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांना कळवून पंचनामा करून घ्या. होरपळलेले कलम पावसाळ्यात कधीकधी खालून फुटते, आणि नंतर नुकसान दाखवणे अवघड होते.

घराचा विषय मी शेवटी घेतला, कारण त्यात आपल्याला अपेक्षित नसलेले उत्तर आहे. शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतघर बांधण्यासाठी बिनशेती परवानगी लागत नाही, हे खरे आहे. परंतु प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात किंवा शहरांलगतच्या ठरावीक अंतरात जमीन असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४१ खाली जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि धारण क्षेत्र ०.४ हेक्टरपेक्षा कमी असेल तर ती परवानगी देता येत नाही. आपले ३६ गुंठे म्हणजे ०.३६ हेक्टर. ०.४ ते ०.६ हेक्टरपर्यंत एकूण १५० चौरस मीटर जोते मिळते. त्यापुढे क्षेत्राचा चाळिसावा भाग किंवा ४०० चौरस मीटर, यांपैकी जे कमी ते, आणि त्यातही राहण्याचा भाग १५० चौरस मीटरच्या आत. अवजारांची खोलीही शेतघराच्या व्याख्येत येते, म्हणून ‘खोली आधी बांधू, घराचे नंतर पाहू’ ही वाट बंद आहे.

म्हणून प्रथम झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या वापरविभागात येते याचा दाखला, घ्या. त्याच गावात लगतचे आणखी क्षेत्र आपल्या खात्यावर असेल तर आठ-अ उतारा दाखवून ते धरता येते का, हे लेखी विचारा. जमीन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर ठरलेली रक्कम भरून निवासी वापराचा मार्ग मोकळा होऊ शकतो. आपल्या वर्णनातील डोंगरपायथ्याची जमीन तेवढी जवळ असेल असे वाटत नाही, पण मोजून पाहा. यांतले काहीच बसले नाही तर रीतसर बिनशेती परवानगी हाच पर्याय राहतो. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचनेची भीती अनेक जण घालतात. त्या मसुद्यातील बंदी खाणी, मोठे प्रदूषक उद्योग आणि २०,००० चौरस मीटर व त्यावरील बांधकामे अशा गोष्टींवर आहे, दोन खोल्यांच्या घरावर नाही. परवानगीशिवाय बांधले तर कलम ४५ खाली दंड आणि जमीन पूर्ववत करण्याचा आदेश निघू शकतो, आणि तक्रार करायला शेजारी तयारच आहे, हे आपण जाणता.

परवानगी मिळाली तरी साहित्य आणण्याची घाई नको. भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट अलीकडे पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंद ठेवला जातो. आदेशाच्या तारखा आणि कोणत्या वाहनांना बंदी, हे वर्षागणिक बदलते, म्हणून कोकणाकडून काही आणायचे असेल तर त्या वर्षीचा आदेश पाहूनच ठरवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाटेचा निकाल हाती येईपर्यंत खडीचा किंवा विटांचा ट्रक त्या वाटेने नेऊ नका. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे वाट वापरणाऱ्याला शेजाऱ्याच्या जमिनीवरचा भार वाढवता येत नाही. बैलगाडीच्या वहिवाटीवरून दहा टनांचा ट्रक गेला आणि खाचराचा बांध खचला, तर आतापर्यंत फिर्यादी असलेले आपण त्याच तहसील कार्यालयात सामनेवाले म्हणून उभे राहाल.